वीस पावलं मागे

माझी नोकरी काय होती असं कोणी विचारलं, की मी सरळ सांगते, तरण्या पोरापोरींचा पाठलाग करायची. समोरचा माणूस जरा सरकून बसतो. त्याला तेवढं सरकू द्यायचं, मग पुढचं सांगायचं.

रायपुरातल्या एका विशेष मुलांच्या शाळेत मी बावीस वर्षं होते. गेले होते पडद्यांची मापं घ्यायला. पडदे शिवून झाले, तर म्हणाले मुलांना दोन टाके शिकवा. टाके शिकवत होते, तेवढ्यात मोठ्या वर्गाच्या बाई सुट्टीवर गेल्या त्या परत आल्याच नाहीत, आणि तो वर्ग माझ्या गळ्यात पडला. माझ्याकडे ना बी.एड., ना डिप्लोमा. जे शिकले ते पोट्ट्यांकडून, आणि तेही बहुतेक वेळा त्यांनी मला तोंडावर पाडल्यावर.

मोठा वर्ग म्हणजे सोळा ते अठरा-एकोणीस वर्षांची मुलं. कुणाला डाऊन सिंड्रोम, कुणी स्वमग्न, कुणाची समज वयाच्या मागून सावकाश चालणारी. लहानपणी यांचं सगळं सोपं असतं. गाडी दारात येते, शाळेत नेते, आणून सोडते. एकोणीस पूर्ण झाली की शाळा संपते. केक कापतात, आयांचे डोळे भरतात, मुलाच्या हातात गुच्छ देतात. दुसऱ्या दिवशी मुलगा पाठीला दप्तर लावून दारात उभा. गाडी येत नाही. दोन-चार दिवस तो तसाच उभा राहतो. मग आई म्हणते, बस बाबा आत येऊन. तो सोफ्यावर बसतो, तो पुढची चाळीस वर्षं.

तो सोफा माझा शत्रू. कुणाच्याही घरी गेले की माझी नजर आधी सोफ्यावर जायची. एका टोकाला खड्डा दिसला की समजायचं, आपल्याला उशीर झाला.

तर माझं काम म्हणजे मुलाला शाळेतून सोफ्याऐवजी दुसरीकडे कुठेतरी पोचवायचं. दुकानात, कॅन्टीनमध्ये, झेरॉक्सवाल्याकडे, जिथे कोणी उभं करेल तिथे. काम शिकवणं सोपं असतं हो. कठीण असतो तो घरापासून कामापर्यंतचा रस्ता. त्याची आमची एक रीत होती. पहिला आठवडा हात धरून जायचं. मग हात सोडून शेजारून. मग दोन पावलं मागे. मग वीस पावलं मागे, त्याला न दिसता. आणि शेवटची पायरी म्हणजे जायचंच नाही, घरी बसून फोनकडे बघत राहायचं. ही पायरी मुलांना सोपी जाते. माझाच जीव तिथे वरखाली व्हायचा.

वीस पावलांची पायरी मात्र मला फार आवडायची. आमच्या रायपुरात ऊन असं आणि सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून येणारी काळी धूळ अशी, की बाया तोंडाला स्कार्फ गुंडाळूनच बाहेर पडतात. नुसते डोळे दिसतात. हेरगिरीला याहून सोयीचं शहर दुसरं नसेल. माझ्याकडे तीन स्कार्फ होते आणि अर्ध्या वाटेत मी ते बदलायची. एकदा एका ट्रॅफिक पोलिसानं मला बाजूला घेतलं. "माताजी, तीन दिन से देख रहा हूँ, उस लड़के के पीछे क्यों लगी हो?" मी म्हटलं, भैया, नोकरी आहे. त्याला ते पटलं नाही. शाळेतून फोन करवून घ्यावा लागला.

आता मुकेशचं सांगते. ते सांगायला मला आवडत नाही, पण त्याच्याशिवाय पुढचं समजायचं नाही.

मुकेश स्वमग्न होता. नियमाचा पक्का. एकदा सांगितलं की दगडावरची रेघ. मी त्याला दोन नियम दिले होते. सिग्नल हिरवा झाल्याशिवाय रस्ता ओलांडायचा नाही, आणि अनोळखी माणसाचा हात धरायचा नाही. झेरॉक्सच्या दुकानात त्याचं काम छान चाललं होतं. वीस पावलांची पायरीही झाली. मग मी शेवटची पायरी धरली, म्हणजे घरी बसले. त्याच सकाळी चौकातला सिग्नल बंद पडला.

दहा वाजल्यापासून एक वाजेपर्यंत मुकेश मे महिन्याच्या उन्हात उभा होता. हिरवा होतच नव्हता. लोक हात धरून पलीकडे न्यायला आले, तर हात अनोळखी. शेवटी कोपऱ्यावरच्या फळवाल्यानं त्याच्या गळ्यातल्या कार्डावरचा माझा नंबर लावला. मी धावत गेले. फळवाला म्हणाला, "लड़का कुछ बोलता नहीं दीदी, बस मुड़-मुड़ के पीछे देखता है।" मला वाटलं, आईला शोधत असेल.

मुकेशनं काहीच चुकवलं नव्हतं. दोन्ही नियम माझे, दोन्ही त्यानं पाळले. त्याची आई मला एक शब्द वाकडा बोलली नाही. तिनं त्याला पाणी पाजलं, घरी नेलं, आणि परत कामाला पाठवलं नाही.

त्यानंतर मी शाळेत एक नवा तास सुरू केला. नाहीचा तास. कारण मला कळलं, की आम्ही इतकी वर्षं या मुलांना फक्त हो म्हणायला शिकवून राहिलो. बस म्हटलं बसली, ऊठ म्हटलं उठली, की शाब्बास. बाहेरच्या जगात असा माणूस एक दिवस टिकत नाही. तर दर बुधवारी, मी काहीतरी वेडंवाकडं सांगायचं आणि मुलांनी मला नाही म्हणायचं.

कोणाच्या तोंडून निघेना. मी म्हटलं, उलटी चप्पल घाला, सगळ्यांनी घातली. म्हटलं, भिंतीकडे तोंड करून जेवा, जेवले. आणि त्या वर्गात होती रेवती.

रेवतीला डाऊन सिंड्रोम. एकोणीस वर्षांची, ठेंगणी, कपाळावर मोठी टिकली, आणि राग आला की ओठ असा बाहेर. समता कॉलोनीत घर. वडील वसंतराव मूळ अमरावतीकडचे, रेल्वेत तिकीट तपासनीस होते, आता रिटायर. घरी मराठी बोलत, पण पोरगी समजायची मराठीत आणि उत्तर द्यायची हिंदीत. आमच्या इथल्या निम्म्या पोरांचं तेच.

तिला मी मीठ घातलेला चहा दिला. म्हटलं, "घे." तिनं सगळा प्यायला.

"कसा आहे?"

"अच्छा है दीदी।"

पुढच्या बुधवारी परत मीठ. परत प्यायली, तोंड कडू करून. तिसऱ्या बुधवारी कप हातात घेतला, वास घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि कप माझ्यासमोर ठेवला. "नाही," म्हणाली. मराठीत. "आप पियो।"

मला प्यावा लागला. वर्गातल्या बारा जणांनी टाळ्या वाजवल्या. त्या माझ्यासाठी नव्हत्या.

एकदा तो शब्द सापडल्यावर रेवतीनं त्याची हौस करून घेतली. दुधीची भाजी, नाही. गाल ओढणाऱ्या आत्याच्या पाया पडणं, नाही. पंधरा दिवसांत वसंतरावांचा फोन आला.

"सुमनताई, तुम्ही काय शिकवून राहिले पोट्टीले?"

"काहून, काय झालं?"

"मले नाही म्हणते ती. बापाले. काल म्हटलं टीव्ही बंद कर, तर म्हणे नाही, आप उधर बैठो."

"मग तुम्ही काय केलं?"

"बसलो तिकडे."

शाळा संपली तशी मी तिच्यासाठी काम शोधलं. तिच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून बायांचा एक पापडांचा गट होता. पापड मोजून पाकिटात भरायचे. सगळ्या बाया प्रेमळ, रस्ता ओलांडायचा नाही, ऑटो नाही, काही नाही. वसंतराव खूश, मी खूश. मीच शोधलं होतं, तेव्हा माझी छाती जरा जास्तच फुगली होती.

तीन दिवस रेवती गेली. चौथ्या दिवशी मांडीवर हात ठेवून बसली. पापडांना हात लावेना. मला बोलावणं आलं.

"काहून गं, तब्येत बरी नाही का?"

"नाही करना।"

"पण काहून?"

तिनं ओठ बाहेर काढला. "सब लोग बेबी बोलते हैं।"

खरंच होतं. सगळ्या बाया तिला बेबी म्हणत. पाकीट चुकलं तर हळूच स्वतः दुरुस्त करून टाकत, आणि वर शाब्बास बेबी.

"मग कुठे जायचं तुला?"

"टॉवेल।"

त्याच्या आधी शाळेनं आम्हाला तेलीबांध्याच्या एका हॉटेलच्या लाँड्रीत दोन दिवस काम करून बघायला नेलं होतं. तिथे टॉवेलांच्या घड्या घालायच्या असतात, चारही कोपरे जुळवून. तिथली सुपरवायझर तोंडाची फटकळ होती. मी म्हटलं, "अगं, ती तर ओरडते."

रेवतीचा चेहरा एकदम उजळला. "हव। मेरे को डाँटा। बोली, कोना टेढ़ा है, फिर से करो।" आणि मग छातीवर बोट ठेवून, "फिर मैंने सीधा किया।"

एकोणीस वर्षांत तिला कामावरून कोणी रागावलं नव्हतं. रागवायला तिच्याकडून कोणी कामच धरलं नव्हतं. आणि मी, सोफ्याची दुश्मन, तिला दोन गल्ल्यांपलीकडच्या दुसऱ्या सोफ्यावर बसवून मोकळी झाले होते.

हॉटेलवाले घ्यायला तयार होते. प्रश्न वसंतरावांचा होता. समता कॉलोनीच्या तोंडाशी ऑटो धरायचा, जयस्तंभ चौकात उतरायचं, तिथून तेलीबांध्याचा दुसरा ऑटो. वसंतराव म्हणाले, "शक्यच नाही."

रेवतीची आई आतून कणीक मळता मळता म्हणाली, "यांनी आयुष्यभर लोकांना गाडीतून उतरवलं. आता पोरीलेही चढू देऊन नाही राहिले."

सरावापुरते वसंतराव कबूल झाले. चार आठवडे मी रेवतीबरोबर तो रस्ता केला. हात धरून, शेजारून, दोन पावलं, वीस पावलं. चौथ्या आठवड्यात वसंतरावांनी फर्मान काढलं. एक दिवस पोट्टी एकटी जाईल. अगदी एकटी. पोचली तर नोकरी, वाटेत अडकली तर पापड, आणि मग हा विषय परत काढायचा नाही.

"आणि ताई, तुम्हीही मागे जायचं नाही. शपथ घ्या."

"घेतली. तुम्हीही घ्या."

"घेतली."

रेवतीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

तर त्या सकाळी मी जांभळा स्कार्फ बांधला. आता शपथ मोडली म्हणून मला नावं ठेवू नका, मुकेशच्या वेळी मी घरी बसले होते. रेवती कॉलोनीच्या तोंडाशी ऑटोत बसली, मी मागच्या ऑटोत. जयस्तंभ चौकात ती उतरली, मी उतरले आणि उसाच्या रसाच्या गाडीमागे लपले. तिथे आधीच एक माणूस उभा होता. हेल्मेट घालून. काच जराशी वर करून त्यातून रस पीत होता.

मी म्हटलं, "वसंतराव, हेल्मेट काढा. लोक बघून राहिले."

ते दचकले, रस सांडला. "तुम्ही? शपथ घेतली होती ना तुम्ही?"

"तुम्ही पण घेतली होती."

"मी बाप आहे."

"मी नोकरीवर आहे."

रसवाला म्हणाला, "माताजी, आपको भी दूँ?"

तेवढ्यात आमचं लक्ष चौकाकडे गेलं. कुठली तरी मिरवणूक येणार होती आणि तेलीबांध्याकडचा रस्ता दोर बांधून बंद केला होता. रोज जिथे ऑटो लागायचे तिथे एक ऑटो नव्हता. रेवती त्या जागेवर जाऊन उभी राहिली. रोजच्याच जागेवर, अगदी रोजच्याच फरशीवर.

हे तिला शिकवलं नव्हतं. मला सुचलंच नव्हतं. मला मुकेश दिसायला लागला, ऊन, आणि हिरवा न होणारा सिग्नल.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. वसंतराव निघाले, मी मागून त्यांचा शर्ट धरला.

"सोडा ताई. पोट्टी घाबरली."

"ती नाही घाबरली. तुम्ही घाबरले."

"हव, घाबरलो. सोडा."

मी नाही सोडला.

एक ई-रिक्षावाला तिच्यापाशी येऊन थांबला. वयस्क, चांगला माणूस दिसत होता. "कहाँ जाना है बेबी? बैठो, मैं छोड़ देता हूँ।"

आम्हाला इकडे ऐकू आलं. रेवती त्याच्याकडे बघत राहिली. वसंतराव माझ्या कानाशी म्हणाले, "बसते आता. ही कोणालेही हो म्हणते. लहानपणापासून अशीच."

"तेलीबांधा?" रेवतीनं विचारलं.

"उधर बंद है। मैं स्टेशन जा रहा हूँ, आओ तो, उधर से देखेंगे।"

"नाही," रेवती म्हणाली. मोठ्यानं.

रिक्षावाला हसला. "अरे बैठ ना बेबी।"

"नाही। और बेबी नाही, रेवती।"

तो गेला. मग ती आपल्या फरशीवरून उतरली, दोरापाशी उभ्या पोलिसाकडे गेली, आणि त्याची बाही ओढून काहीतरी विचारलं. त्यानं हात लांब करून एक गल्ली दाखवली. पलीकडे जाऊन ऑटो मिळेल, असं सांगत असावा. रेवती गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बांगड्यांच्या दुकानापाशी थांबली, दुकानातल्या बाईला परत तेच विचारलं. म्हणजे पोलिसाच्या एकट्याच्या शब्दावर विसंबली नाही. हे तर मी स्वप्नातही शिकवलं नव्हतं.

वसंतराव खाली रसाच्या गाडीच्या पायरीवर बसले. हेल्मेट मांडीवर. "नाही म्हणाली ती," म्हणाले.

"हव."

गल्लीत वळायच्या आधी रेवती थांबली. पाठ आमच्याकडेच. पर्समधून फोन काढला. तिच्या फोनमध्ये एकेका बटणाला एकेक फोटो लावला होता, दाबलं की लागतो. तिनं दाबलं, आणि इकडे माझ्या पिशवीत फोन वाजायला लागला, भरचौकात, भजनाच्या चालीत.

मी उचलला. "हॅलो?"

"दीदी, पापा को बोलो घर जाओ। धूप है। बीपी है उनको।"

मी वसंतरावांकडे बघितलं. ते माझ्याकडे.

"और आप भी जाओ," ती म्हणाली.

"रेवती, मी येऊ का? फक्त तेलीबांध्यापर्यंत?"

"नाही।"

फोन बंद झाला. ती वळली आणि गल्लीत दिसेनाशी झाली. आमच्याकडे तिनं एकदाही वळून बघितलं नाही.

आम्ही दोघे मुकाट्यानं त्यांच्या घरी गेलो. तासाभरानं लाँड्रीच्या सुपरवायझरचा फोन आला की लड़की पहुँच गई, बीस मिनट लेट है, आज छोड़ देती हूँ. त्यानंतर करायला काही नव्हतं. रेवतीची आई चहा करून देत होती आणि आमच्याकडे बघून तोंडाला पदर लावत होती.

साडेपाचला रेवती एकटी घरी आली. युनिफॉर्म, छातीवर नावाची पट्टी, केसांत टॉवेलाचा दोरा.

वसंतरावांनी विचारलं, "कसं झालं?"

"दो बार डाँटा," ती म्हणाली, आणि दोन बोटं वर केली. कोणाला सोन्याचं पदक मिळालं तरी इतका आनंद होणार नाही.

मी विचारलं, "मी मागे आहे हे तुला कसं कळलं गं? स्कार्फ तर बांधला होता."

"बैंगनी वाला," ती म्हणाली. "फिर वो पीला वाला। फिर फूल वाला। सबको पता है दीदी।"

"सगळ्यांना?"

"सबको। आप हमेशा पीछे होते हो। मुकेश भैया को भी पता था।"

मी कप खाली ठेवला. तीन तास उन्हात उभा राहून तो मुलगा मागे कोणाला बघत होता ते मला तेव्हा कळलं. आईला नाही. वीस पावलं मागे मी असणारच, हे त्याला ठाऊक होतं. सिग्नल बंद पडला तर दीदी येईल. आणि त्याच दिवशी मी, त्याला न सांगता, घरी बसले होते.

पुढच्या आठवड्यात मी मुकेशच्या घरी गेले. तो सोफ्यावर होता. त्याला सांगितलं, उस दिन मैं पीछे नहीं थी, तुझे बताना था, नहीं बताया. त्यानं विचारलं, "सिग्नल ठीक हुआ?" मी म्हटलं, झाला. त्यानं मान हलवली. त्याची आई अजून त्याला पाठवत नाही. मी दर गुरुवारी जाते, आम्ही दोघे कोपऱ्यावरच्या फळवाल्यापर्यंत जाऊन येतो, आणि निघायच्या आधी मी त्याला सांगते की आज मी शेजारी आहे. शाळेतल्या नव्या बायांनाही मी एवढंच सांगितलंय, की मागे असाल तर सांगा, नसाल तर तेही सांगा. स्कार्फ उन्हासाठी ठेवा.

पण हे नंतरचं. त्या संध्याकाळी रेवती खोलीच्या मधोमध उभी होती, दिवसभर उभं राहून पाय दुखत होते, आणि तिच्या सोफ्यावर, एका टोकाला वसंतराव, दुसऱ्या टोकाला मी, सकाळपासून तसेच बसून होतो. मधे आमचे दोन फोन.

तिनं ओठ बाहेर काढला.

"सरको," म्हणाली.

आम्ही सरकलो.